महिलांचा मनःस्वास्थ्य वर्ग: वर्ग उत्तम, काउंटर टाळावा

पश्चिम नागपुरातील एका निसर्गोपचार केंद्रात महिलांसाठी आठ आठवड्यांचा मनःस्वास्थ्य वर्ग चालतो. एप्रिल आणि मे महिन्यांत मी तो पूर्ण केला. वय सत्तेचाळीस, पाळी अनियमित झालेली, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधड सुरू व्हायची आणि दिवसा कारण नसताना डोळे भरून यायचे. शुल्क ४,५०० रुपये आहे.

पहिल्या दिवशीची विचारपूस हा या वर्गाचा सर्वांत भक्कम भाग आहे. शिक्षिकेने चटई पसरू देण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्यांचे कागद मागितले. रक्तक्षय किंवा मंदावलेली थायरॉइड ग्रंथी यांमुळेही नैराश्यासारखीच मरगळ येते आणि तेव्हा प्राणायामाने फारसे काही साधत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मन केवळ पाळीच्या आधीच्या आठवड्यात ढासळते की महिनाभर, हे आठवणीवर विसंबून ठरवता येत नाही, म्हणून दोन महिने रोज वहीत नोंद ठेवायला लावली. माझ्या नोंदींतून निघाले ते वेगळेच: ज्या रात्री अंगातून वाफा निघून घाम फुटत असे, त्याच्या दुसऱ्या दिवशी रडू येत असे. ती वही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्यावर रजोनिवृत्तीपूर्व काळाविषयी त्या प्रथमच माझ्याशी सविस्तर बोलल्या.

वर्ग सकाळी पावणेसहाला भरतो. नागपूरच्या मे महिन्यात दुसरी वेळ शक्यही नाही. आधी अंबाझरीच्या बाजूने अर्धा तास भराभर चालणे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली किमान १५० मिनिटे पूर्ण होतात. मग सभागृहात भ्रामरी, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देण्याचा सराव. पहाटेच्या धडधडीवर मला याचाच उपयोग झाला. योगनिद्रेची मात्र दैना होती, कारण खसाच्या ओल्या वासाचा तो जुना कूलर इतका घरघरत असे की मागच्या रांगेत शिक्षिकेचा आवाज पोहोचत नसे. तक्रार केली, तेव्हा कूलर बंद झाला आणि आम्ही सगळ्या घामाने निथळलो.

आहाराचे व्याख्यान साधारण होते. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी खा, असे सांगितले गेले, जणू वैदर्भीय घरात ती कोणी खात नाही. जवसातील मेदाम्लाचे माशांच्या तेलात असते त्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडे करते, हा भाग राहूनच गेला.

खरी हरकत बाहेरच्या काउंटरवर आहे. तेथे सेंट जॉन्स वर्ट ही परदेशी औषधी वनस्पती आणि अश्वगंधा असलेली कॅप्सूल ८५० रुपयांना मिळते. मी थायरॉइडची गोळी घेते, हे सांगूनही काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, पूर्ण नॅचरल आहे, साइड इफेक्ट काहीच नाही." मी विकत घेतली आणि घरी आल्यावर डॉक्टरांना फोन केला. अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरकाची पातळी वाढू शकते; सेंट जॉन्स वर्ट गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते आणि नैराश्यावरील काही औषधांसोबत घेतल्यास सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन धोकादायक प्रमाणात वाढू शकते. आमच्या तुकडीतील एक बाई नैराश्यावरची अशीच गोळी घेत होती, आणि तिला "हळूहळू तुमची गोळी सोडता येईल" असे त्याच काउंटरवरून सांगण्यात आले. अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता आणि आजार उलटण्याची भीती असते. शिक्षिकेच्या कानावर घातल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांना तसे सांगितले, पण बरण्या जागच्या जागी राहिल्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास मोफत चालणारा क्रमांक भिंतीवर कोठेही नव्हता. जीव नकोसा होण्याइतके मन खचलेली बाई या वर्गात आली, तर तिला कोठे पाठवावे, याची काहीही व्यवस्था मला दिसली नाही.

सौम्य तक्रारी असणाऱ्या आणि तपासण्या करून घेतलेल्या बायकांनी वर्ग जरूर करावा. ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून यावे. जुलैच्या तुकडीत मी पुन्हा नाव दिले आहे. कॅप्सूल परत घेत नाहीत, त्यामुळे ती बाटली सील न तोडता माझ्या कपाटात पडून आहे.