ट्यूब ॲम्प की मॉडेलर? हौशी रॉक गिटारवाल्यासाठी

गिटार आली, दोन-चार पेडलं जमली, बँड जुळला, पहिला गिग ठरला, की गाडी अडते ती ॲम्पपाशी. आमच्या बँडमधल्या नव्या पोरानं परवा प्रॅक्टिसनंतर केबल गुंडाळता गुंडाळता विचारलं, “दादा, पैसे एकदाच घालणारे. ट्यूब ॲम्प घेऊ की मॉडेलर?” ट्यूब ॲम्प म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा, जुन्या धाटणीचा ॲम्प. मॉडेलर म्हणजे ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं छोटं खोकं, बहुधा स्वतःचा स्पीकर नसलेलं. मी दोन्हींवर वर्षानुवर्षं वाजवलंय आणि दोन्हींनी भर स्टेजवर माझी फजिती केलीय. त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क मी कमावलाय, असं धरून चालतो.

आवाज कुणाचा चांगला, इथून सुरुवात करू नका. त्या वादात रात्रीच्या रात्री जातात. ड्रम आणि बास जोरात असताना समोर उभ्या माणसाला फरक कळत नाही. मला स्वतःला आमच्याच गिगची रेकॉर्डिंगं ऐकताना तो सांगता आलेला नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे: तुमची गिटार लोकांना कुणाच्या स्पीकरमधून ऐकू येणार? तुमच्या, की त्या जागेवरच्या?

छोट्या जागी बहुतेक वेळा मिक्सर असतो तो गायकापुरता. दोन माइक, दोन स्पीकर, आणि मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) म्हणून एक खोकं जे चालतं की नाही ते देव जाणे. तिथे ॲम्प घेऊन गेलात की तुम्ही स्वतंत्र. प्लग लावला, वाजवलं. मॉडेलर घेऊन गेलात तर तुमचा सगळा आवाज त्या दोन स्पीकरच्या आणि मिक्सरमागच्या माणसाच्या हाती. त्यानं मॉनिटरमध्ये गिटार द्यायची विसरली, तर तुम्ही अख्खा कार्यक्रम बोटांच्या सवयीवर वाजवता. मी वाजवलाय. उलट जागा मोठी असेल, प्रत्येक वाद्य मिक्सरमधून जात असेल, तर तिथला साउंडवाला मॉडेलर पाहून खूश होतो. एक केबल द्या, संपलं. ॲम्पपुढे माइक लावायचा म्हणजे शुअर एसएम ५७ माइक स्पीकरच्या शंकूच्या मधोमध धरला की टोकदार आवाज, कडेला सरकवला की मऊ. दोन बोटांचा फरक असतो, आणि साउंडचेकला तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

दुसरी गोष्ट वजन. हसू नका. फेंडर ट्विन रिव्हर्ब सुमारे २९ किलोचा, दोन स्पीकरवाला व्हॉक्स एसी ३० त्याहूनही जड. गिग संपल्यावर रात्री दीडला, घामाघूम, एका हातात गिटार आणि दुसऱ्या हातात हे धूड, असा जिना उतरून पाहा, मग टोनबद्दल बोलू. लाइन ६चा एचएक्स स्टॉम्प हा मॉडेलर किलोभराच्या आसपास आहे. ज्यांच्याकडे सामान उचलायला माणसं असतात त्यांचा सल्ला या बाबतीत ऐकू नये.

वजन कमी करायचं तर कमी वॅटचा ट्यूब ॲम्प घ्या, आणि कमी वॅटला घाबरू नका. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबलच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्या हिशेबानं १५ वॅटचा ॲम्प १०० वॅटच्या निम्म्याहून थोडा जास्तच वाजतो. फेंडर ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा आहे, १४ किलोचा, आणि साध्या ड्रमरसमोर तो पुरतो. आमचा ड्रमर साधा नाही, ती गोष्ट सोडा.

आता ट्यूब ॲम्पची ती गोष्ट, जिच्यासाठी लोक हे सगळं सोसतात. ॲम्प पुरेसा वाढवला की पॉवर ट्यूब दमायला लागतात, आवाजाची टोकं आपोआप दाबली जातात आणि तार छेडण्याचा जोर थेट ऐकू येतो. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की कॉर्ड स्वच्छ, दहावर नेला की गुरगुर. पेडलला पाय न लावता, फक्त करंगळीनं नॉब फिरवून. प्रेक्षकांना यातलं काही कळत नाही, पण वाजवणाऱ्याच्या हाताला कळतं, आणि हौशी माणूस शेवटी हातासाठीच वाजवतो. अडचण एवढीच की ‘पुरेसा वाढवला की’ हे घरी शक्य नसतं. घरात ट्यूब ॲम्प दीडवर वाजतो, आणि दीडवर तो बऱ्यापैकी सामान्य वाटतो. ॲटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसून आवाज कमी करणारं यंत्र) लावून मार्ग निघतो, पण आणखी एक खोकं वाढतं.

मॉडेलर इथे बाजी मारतो. १९९८ साली लाइन ६चा तो लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचा पॉड हा मॉडेलर आला तेव्हा हेडफोनवर मोठ्या ॲम्पचा आवाज ऐकून आम्ही येडे झालो होतो. आज ऐकला तर प्लॅस्टिकचा वाटतो. नंतर केम्पर आला, २०१५ला हेलिक्स आला, आणि आता तर न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर चक्क फुकट मिळतं. बोटाखाली उशीर जाणवतो अशी तक्रार असते, पण दोन-तीन मिलिसेकंद म्हणजे ॲम्पपासून मीटरभर लांब उभं राहण्याएवढा उशीर. तेवढं तर आपण स्टेजवर उभे राहतोच.

मात्र मॉडेलरवाल्यांची एक चूक ठरलेली. रात्री हेडफोन लावून, हळू आवाजात झकास पॅच (मॉडेलरमध्ये जुळवून साठवलेला आवाज) बनवायचा आणि तोच गिगला न्यायचा. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण दोन्ही टोकं वाढवतो, मधलं कापतो. स्टेजवर तोच पॅच खाली घुमतो, वर कानात टोचतो आणि मधोमध गिटार गायब, कारण गिटारची जागाच मधे आहे. पॅच प्रॅक्टिसला बनवा, ड्रमर वाजवत असताना. दुसरी चूक कॅबिनेटची, म्हणजे मॉडेलर करतो त्या स्पीकरच्या खोक्याच्या नकलेची. गिटारचा स्पीकर ५-६ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ काही देत नाही, म्हणून मिक्सरमध्ये जाताना मॉडेलरमधलं कॅबिनेट चालू हवं, नाहीतर डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो. उलट तोच मॉडेलर गिटार ॲम्पमध्ये खुपसताना कॅबिनेट बंद, नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा.

ट्यूबवाल्यांची चूक वेगळी. ॲम्प जमिनीवर, आवाज पोटऱ्यांना लागतो, म्हणून ट्रेबल वाढवतात, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कपाळात ड्रिल जातं. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा.

फजित्या सांगायच्या राहिल्या. माझ्याकडे ५० वॅटचा हेड, म्हणजे स्पीकर वेगळा जोडावा लागणारा ट्यूब ॲम्प, होता. तिसऱ्या गाण्यात आवाज बसत गेला. वळून पाहिलं तर मागच्या जाळीतून एक ईएल ३४ पॉवर ट्यूब लालबुंद दिसत होती. मग फ्यूज गेला आणि शांतता. जास्तीचा फ्यूज घरी, टेबलाच्या खणात. मॉडेलरच्या वेळी पाय स्विचवर क्षणभर जास्त टेकला, ट्यूनर चालू झाला आणि सोलोच्या पहिल्या सुरापासून गिटार मुकी. ड्रमर माझ्याकडे, मी पायाकडे, आणि पडद्यावर मात्र सूर अगदी हिरवागार, बिनचूक लागलेला.

दुरुस्तीत ट्यूब ॲम्प पुढे. जाणकाराला बहुतेक भाग बदलता येतात, म्हणून साठच्या दशकातले ॲम्प आजही वाजतायत. फक्त स्पीकर न जोडता हेड कधी चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आत हात घालू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या घरात वीज साठलेली असू शकते. मॉडेलर बिघडला तर बोर्डच बदलायचा, आणि न बिघडताही तो जुना होतो.

कानांसाठी माझा कौल मॉडेलरला, इन-इअर मॉनिटरसकट (कानात घालायचे मॉनिटर) आणि तेही आवाक्यात ठेवून. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानं ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. आमची प्रॅक्टिस दोन तासांची असायची. माझ्या डाव्या कानात रात्री जी शिट्टी वाजते ती बंद करायचा नॉब नाही. ट्यूब घेतलात तर इअरप्लग त्याच दिवशी घ्या.

दोन्ही नको असेल तर ट्रान्झिस्टरवाला ॲम्प आणि पुढे आपली पेडलं. रोलंडचा जेसी १२० हा १९७५पासून चालत आलाय, क्लीन आवाजाला तोड नाही, वजनाला मात्र तोही राक्षस. बॉसचा कटाना हलका आणि हरहुन्नरी. गोंधळलेल्याला मी तोच सुचवतो.

महिन्याला दोनपेक्षा जास्त गिग, वेगवेगळ्या बँडांची गाणी, मिक्सर ठरलेला: मॉडेलर घ्या. एकच बँड, एक-दोन आवाजांत भागणारं, जागा छोट्या आणि बेभरवशाच्या: १५-२० वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. मी हेड विकून मॉडेलर घेतला होता, आणि दोन वर्षांनी गुपचूप छोटा कॉम्बोही आणला.

पोरानं मॉडेलर घेतला. रविवारी तो पाठीवर सॅक टाकून प्रॅक्टिसला आला, केबल लावली, ट्यून करून मोकळा. मी अजून जिन्यातच होतो.