पंचिंगसाठी चित्र निवडताना: शेडिंगचं की सपाट?

वैशाखातली शिवजयंती जवळ आली की बेळगावातल्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्यांकडे मंडळांची ये-जा वाढते. टी-शर्टचं कापड कुठलं, भगवा कुठल्या छटेचा, यावर तासभर वाद होतात. चित्र मात्र कुणाच्या तरी मोबाईलवर आलेलं असतं, तेच पुढे केलं जातं. पंचिंग म्हणजे चित्रावरून एम्ब्रॉयडरी मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणं, हे ज्यांना माहीत आहे आणि कुठलं चित्र पंचिंगला द्यायचं एवढंच ठरवायचं राहिलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा कल लपणार नाही, तरी दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो.

चित्रं ढोबळमानाने दोन जातींची येतात. एक शेडिंगचं: महाराजांचा चेहरा, अर्ध्या गालावर उजेड, दाढीचा केस न् केस दिसतोय, जिरेटोपावरचे मोती चमकतायत. दुसरं सपाट: तीन-चार रंग, स्वच्छ कडा, मधे कुठेही रंग विरघळलेला नाही.

शेडिंगच्या चित्राची बाजू आधी घेतो. नीट जमलं तर त्याला तोड नाही. जॅकेटची पूर्ण पाठ असेल, भिंतीवर लावायचं मखमलीचं पॅनल असेल, दहा-बारा इंच जागा असेल, तर चांगला पंचिंगवाला तपकिरीच्या तीन छटा एकीवर एक विरळ टाक्यांनी चढवतो आणि खालचा रंग वरच्यातून डोकावतो. लांबून बघितलं तर रंगवल्यासारखंच वाटतं. अशा कामाला मी नको म्हणणार नाही.

अडचण अशी की मंडळाला तेच चित्र छातीवर तीन इंचांत हवं असतं. तीन इंचांत महाराजांचा डोळा उरतो जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. चाळीस नंबरचा धागाच साधारण ०.४ मिलिमीटर जागा खातो, म्हणजे डोळ्याच्या वाट्याला पाच-सात टाके. त्यात पापणी, बुबुळ आणि नजर बसवायची. चेहरा कधी रागीट येतो, कधी झोपाळू. आणि महाराजांचा चेहरा बिघडलेला कुणालाच खपत नाही, खपूही नये.

पण माझं मत फिरलं ते चेहऱ्यामुळे नाही. ते फिरलं धाग्यांमुळे.

शेडिंगच्या चित्रात रंगाची बेटं फार. कपाळावर एक फिकट ठिपका, नाकाच्या शेंड्यावर दुसरा, कानाच्या पाळीवर तिसरा, तिन्ही एकाच रंगाचे. मशीन एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना दोनच गोष्टी करू शकतं. धागा वरून तसाच ओढत न्यायचा, नाहीतर गाठ मारून कापायचा आणि पलीकडे पुन्हा सुरुवात करायची. ओढला तर नंतर हाताने कापत बसा. मशीनला कापू दिला तर दर वेळी ते थांबतं, शेपूट सोडतं, आणि मधेच एखाद्या वेळी सुईतून धागा निसटला की मशीन उभं. ऑटोवर सॉफ्टवेअरने केलेलं पंचिंग असेल तर विचारूच नका. फोटोतला प्रत्येक डाग त्याला स्वतंत्र आकार वाटतो आणि ते त्याचे टाके इमानदारीने काढतं.

मग मशीन बंद झाल्यावर खरं काम सुरू होतं. छोटी वाकडी कात्री घेऊन कुणीतरी बसतं, बहुतेक घरांत हे काम बायकांच्या गळ्यात पडतं, आणि एकेका टी-शर्टवरचे धागे टिपत राहतं. घाईत कात्रीचं टोक जर्सीला, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला, लागलं की भोक. उलट बाजूला गाठींचा असा काही खडबडीत थर जमतो की दिवसभर मिरवणुकीत घामेजलेल्या पोराला तो टोचत राहतो. शाळेच्या लहान मुलांच्या शर्टाला तर असं काम देऊच नये असं मला वाटतं. पंचिंगचं बिल हजार टाक्यांच्या हिशोबाने येतं. कात्रीचा वेळ त्यात कुणी धरत नाही, आणि मंडळाचे पन्नास-साठ नग असले की तोच वेळ सगळं गणित बिघडवतो.

सपाट चित्रात आकार एकमेकांना लागून असतात. जाणकार माणूस एका आकारातून दुसऱ्यात जायची वाट खालून काढतो, साध्या धावदोऱ्याने, आणि त्यावर पुढचा रंग बसवून ती झाकून टाकतो. कापायचे धागे थोडकेच उरतात. माझ्यापुरतं म्हणाल तर निकाल इथेच लागला.

सपाट म्हणजे सगळं निर्दोष असंही नाही. कार्टूनसारखी चित्रं येतात, प्रत्येक रंगाभोवती बारीक काळी रेघ असलेली. कागदावर फार छान दिसतात. पण टाका कापडाला आपल्या दिशेने ओढतो. गोल काढायला सांगितलं तर लंबगोल होतो, आणि टी-शर्टच्या जर्सीवर तर हमखास. पंचिंगवाला थोडं वाढवून घेतो, खाली अंडरले म्हणजे आधाराचे टाके टाकतो, मागे पेपर लावतो, तरीही शेवटी काळी रेघ येईपर्यंत कापड किंचित सरकलेलं असतं. भगवा इथे, काळी रेघ तिथे, मधे पांढरी फट. म्हणून रेघ असेल तर चांगली दीड मिलिमीटर जाड असावी, नाहीतर नसावीच. मला रेघ नसलेलं आणि रंग एकमेकांवर थोडे चढलेले चित्र जास्त आवडतं. तलवारीसारख्या आकारातही हेच बघा. टोक एक मिलिमीटरच्या खाली गेलं की सॅटिन, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा चमकदार टाका, धड बसत नाही. उलट सात-आठ मिलिमीटरपेक्षा रुंद सॅटिन सैल पडतं आणि बांगडीत अडकतं. पातं रुंद असेल तर फिलिंगच, म्हणजे छोट्या टाक्यांच्या ओळींनी भरणं, करायला सांगा.

फ्लेक्सवाल्याकडून कोरलची (कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची) फाइल मिळाली की लोक निश्चिंत होतात. ती उघडून बघा. बऱ्याचदा आत कुठूनतरी उतरवलेला फोटोच चिकटवलेला असतो, फाइलचं नाव तेवढं बदललेलं.

आपल्या भागात अक्षरांचा प्रश्न निराळाच. शाळेच्या बॅजवर कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही गोल फिरवून बसवलेली असतात. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली कन्नड अक्षरांचे गोल बुजतात आणि खाली जोडलेली अक्षरं वरच्यात मिसळतात. देवनागरीची शिरोरेषा ओढली जाऊन अक्षरं तिरपी होतात, अनुस्वार तर कुठे जातो कळतच नाही. येळ्ळूरच्या एखाद्या मंडळाचं नाव बारीक अक्षरांत काढून बघा, ‘ळ्ळ’च्या जागी नुसता गोळा येतो. साठ नंबरचा बारीक धागा आणि बारीक सुई लावून थोडं सावरतं, पण त्यापेक्षा नाव गोलातून काढून खाली सरळ ओळीत मोठं घेणं बरं.

राजमुद्रेचंही असंच. अष्टकोन सुरेख येतो, पण आतला संस्कृत श्लोक छातीच्या बॅजवर वाचता येईल असा काढणं मला तरी शक्य वाटत नाही. ती पाठीवर मोठी घ्यावी, किंवा छातीवर हवीच असेल तर डीटीएफ प्रिंट, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर उष्णतेने चिकटवलेली, करून घ्यावी. एम्ब्रॉयडरीचा हट्ट तिथे नको.

ब्लाउजच्या बाहीसाठी मात्र तिसरी वाट आहे, कसुतीचे, म्हणजे कर्नाटकातल्या पारंपरिक हातभरतकामाचे नमुने. गोपूर, तुळशी वृंदावन, हत्ती. गवंती आणि मुर्गी हे टाके मुळात सरळ रेघांचे, कापडाचे धागे मोजून घातलेले, त्यामुळे मशीनच्या धावदोऱ्याला ते सोपे जातात. आलेखाच्या कागदावर काढून द्या, एक चौकोन म्हणजे एक टाका असं सांगून. इरकलच्या घट्ट कापडावर छान उठतात, जर्सीत मात्र बुडतात. आणि गिऱ्हाइकाला ती कसुती म्हणून देऊ नका. हाताच्या गवंतीला सुलट-उलट नसतं, मशीनच्या मागे बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, धागा दिसतोच.

‘काका, मोबाईलवर कसं भारी दिसतंय की ओ!’ असं पोरं म्हणतात, तेव्हा मी एकच सांगतो. चित्र बॅजच्या मापात करून काळी-पांढरी झेरॉक्स काढा आणि हातभर लांब धरून बघा. कोण आहे, काय आहे हे लगेच कळलं तर ते धाग्यातही कळेल. झेरॉक्समध्ये काळा गोळा झाला तर धाग्यात त्याहून वाईट होईल. सपाट चित्रं बहुधा या परीक्षेत पास होतात. शेडिंगची क्वचित.

ज्यांचा जीव चेहऱ्यातच अडकलाय त्यांनी दोन फाइली कराव्यात. पाठीवर शेडिंगचा चेहरा, छातीवर जिरेटोप किंवा तलवारीची सपाट आकृती. खर्च थोडा वाढतो, पण वाद मिटतो. आणि काम टोपीचं असेल तर माझ्या मते विचारायचंच कारण नाही. तिथे उंची मिळते जेमतेम दोन इंच, टाके मधून बाहेर काढत न्यावे लागतात, आणि टोपीला पुढे मधली शिवण असली तर ती बरोबर चेहऱ्याच्या नाकावरून जाते.