साताऱ्यातला ट्रक ड्रायव्हरांचा एक दिवसाचा क्लास: पैसे वसूल, पण गाडी भरलेली आणा की राव

आमच्या दोन गाड्या आहेत, दोन्ही दहा टायर, मिरजेतनं चालतात. हळद, बेदाणा, सीझनला साखर, बहुतेक फेऱ्या वाशीच्या. सातारा एमआयडीसीत ट्रक ड्रायव्हरांना सेफ ड्रायव्हिंगचं एक दिवसाचं ट्रेनिंग देतात, माणशी १,२०० रुपये जेवणासकट, तिथं गेल्या महिन्यात दोन्ही ड्रायव्हर घेऊन गेलो आणि मी स्वतः पण मागच्या बाकावर बसलो. तेव्हापासनं दोघातिघा मोटर मालकांचे फोन आले, कसं आहे म्हणून, तर एकदाच लिहून टाकतो.

आधी का गेलो ते. दिवाळीनंतर नागठाण्याच्या अलीकडं आमच्या गाडीनं ओव्हरटेक करून डावीकडं घेताना एका कारला घासलं. दोन दरवाजे आणि आरसा गेला, माणसांना काही झालं नाही हे नशीब, २२ हजार जागेवर मोजले. आमचे आण्णा म्हणजे जुने ड्रायव्हर, वडिलांच्या काळापासनं आहेत, ते एकच सांगत होते, "मालक, इंडिकेटर दिला होता ओ मी, ती कार आली कुठनं तेच कळंना." मी तोंडानं काही बोललो नाही पण मनात धरलं की डुलकी लागली असणार.

क्लासची सुरुवात बेकार. दोन तास नुसत्या स्लाईड, अर्ध्या हिंदीत अर्ध्या इंग्रजीत, आणि चित्रातल्या ट्रकचं स्टिअरिंग डावीकडं! कुठनंतरी बाहेरच्या देशातनं उचललेल्या असणार. तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो म्हणून त्याची उजवी बाजू आंधळी, आपलं बरोबर उलटं, आपल्याला डावीकडचं दिसत नाही. ज्या गोष्टीसाठी एवढं लांब आलो त्याचंच चित्र उलटं. आमच्या धाकट्या ड्रायव्हरनं हात वर करून विचारलं तर सर हसून म्हणाले आरशात बघताय असं समजा. असं कसं समजायचं, फी तर सरळ घेतली.

पण चहा झाल्यावर यार्डात नेलं आणि तिथनं पुढं पैसे वसूल व्हायला लागले. एक ट्रक उभा, त्याच्या आजूबाजूला सात मोटरसायकली लावलेल्या, एकेकानं केबिनमध्ये बसायचं, आरसे आपल्या हिशोबानं लावून घ्यायचे आणि किती दिसतात ते सांगायचं. आण्णांनी चार सांगितल्या. मी पाच सांगितल्या पण त्यातली एक आधी खालनं बघून ठेवलेली, खरं तर चारच. एक डाव्या दाराखाली होती, एक हौद्याच्या मागं आणि एक सरळ बंपरच्या पुढं, एवढी मोठी काच असून! केबिन उंच, त्यामुळं नाकासमोरचंच दिसत नाही. आण्णा खाली उतरून त्या डाव्या दाराजवळच्या गाडीपाशी बराच वेळ उभे होते.

नंतर फळ्यावरचं गणित. सर एसटीत आयुष्य काढलेले, त्यांनी विचारलं समोरचा ट्रक ५५ नं चाललाय, तुम्ही ६० नं, ओव्हरटेकला किती वेळ? सगळे म्हणाले दहा सेकंद फार तर पंधरा. मग त्यांनी मांडलं, दोन्ही गाड्यांची लांबी आणि मागंपुढं थोडी जागा धरून ५४ मीटर, ताशी ५ किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला १.४ मीटर, झाले ३८-३९ सेकंद, आणि तेवढ्यात आपली गाडी जवळपास साडेसहाशे मीटर पुढं गेलेली असते. भरलेली गाडी, वर स्पीड गव्हर्नर ८० ला बांधलेला, दाबून दाबणार किती. आता मागचा कारवाला ४० सेकंद हॉर्न मारत आपल्या बुडाला चिकटलेला असतो, आपली शेपूट त्या ट्रकच्या तोंडापुढं जरा सरकली की तो त्या फटीतनं डावीकडनं घुसतो, आणि बरोबर त्याच वेळी आपण इंडिकेटर देऊन डावीकडं घेतो. म्हणजे नागठाण्याला झालं ते फळ्यावर जसंच्या तसं. सर म्हणाले ५ किलोमीटरच्या फरकासाठी ओव्हरटेक काढूच नका, मागं राहिलात तर वाशीला किती उशिरा पोचाल सांगा. कोणी बोललं नाही. मी आण्णांकडं बघायचं टाळलं.

अजून एक गोष्ट तिथं कोणी काढली नाही पण मला टोचली. पूर्वी डावीकडं किन्नर म्हणजे क्लीनर असायचा, दारावर थाप मारून "येऊ द्या, येऊ द्या" नाहीतर "थांबा" म्हणायचा, मान बाहेर काढून बघायचा. दोन वर्षांपूर्वी भाडं परवडंना म्हणून मीच किन्नर बंद केला. डावा डोळा मीच काढून घेतला आणि वर डुलकीचा संशय.

डाव्या लेनवरनं मात्र वाद झाला. सर म्हणतात डावी लेन सोडू नका, कागदावर बरोबर आहे, पण ऊस चालू झाला की कराडच्या पट्ट्यात रात्री डबल ट्रॉली, मागं रिफ्लेक्टर नाही लाईट नाही, एकदम समोर उगवते, मग ड्रायव्हर उजवी लेन धरतो आणि तीच सवय वर्षभर राहते. यावर त्यांचं उत्तर पटलं, म्हणाले तीन सेकंदाचं अंतर ठेवा, ६० ला ५० मीटर होतं, लोड असेल तर त्याहून जास्त, म्हणजे लेन बदलायची ती लांबनंच बदलता येते, बुडाला चिकटून ऐनवेळी हँडल मारावं लागत नाही.

उतारावर गिअर काढून न्यूटल मारायच्या सवयीवर अर्धा तास घेतला, तो लागतोच. २०२२ च्या नोव्हेंबरात पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकल्या ते सगळ्यांना आठवत होतं. न्यूटलला एंजिनचा ब्रेक जातो, सगळा भार चाकातल्या ब्रेक ड्रमवर येतो, आणि एंजिनच बंद केलं तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, टाकीतली हवा पुरणार किती.

तक्रारी: प्रॅक्टिकलला चौदा जणांत एकच गाडी, माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली, आणि ती पण रिकामी. रिकाम्या गाडीचा ब्रेक शिकून सोळा टन हळदीला काय उपयोग? सर्टिफिकेट मात्र लॅमिनेशन करून दिलं. जेवण बरं होतं, आमटी तिखट.

पाचातले साडेतीन. अर्धा कापला रिकाम्या गाडीसाठी, एक त्या उलट्या ट्रकसाठी.

येताना सांगलीत दोन्ही गाड्यांना डावीकडं दीडशे रुपयांचा गोल आरसा बसवून घेतला, त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते हे ड्रायव्हरला सांगून ठेवा. परवा आण्णा वाशीहून आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मालक, अजून एक आणा, बंपरच्या पुढचं बघायला. आणि किन्नराचं काय ते बघा." बघतोय.