बाथरूमच्या फरशीचे सांधे: सिमेंट ग्राउट की इपॉक्सी?

टाईल्समधले सांधे उघडे पडलेत, आधी दिवाळीनंतर बघू, मग उन्हाळ्यात बघू असं करत वर्षं गेलीत, आणि गवंड्याला फोन केला तर तो एवढ्याशा कामाला येत नाही किंवा येऊन सगळी फरशीच फोडायला सांगतो, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. काम घरच्या घरी होतं, अवघड नाहीये, कंटाळवाणं आहे. प्रश्न एवढाच उरतो की जुना माल खरवडून काढल्यावर त्या फटीत भरायचं काय. मी एका बाथरूमला सिमेंटवालं ग्राउट भरलं आणि दुसऱ्याला इपॉक्सी, त्यामुळे दोन्ही रोज पायाखाली असतात.

आधी एक सांगून टाकतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली म्हणून हे करत असाल तर जरा थांबा. सांधे भरणं म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही, ते फरशीच्या खाली असतं आणि तेच गेलं असेल तर वरून काहीही भरा, फार फार तर गळती कमी होईल. नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी जिथून निघून जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडाला कापडाचा बोळा घट्ट बसवून रात्रभर बोटभर पाणी साठवून बघा. ओल वाढली तर दोष फरशीत किंवा ट्रॅपच्या कडेला. बाथरूम चार दिवस कोरडं ठेवूनही खाली टपकतच असेल तर पाइप, आणि मग हे वाचण्यापेक्षा प्लंबर गाठलेला बरा.

खरवडणं दोन्हीला सारखंच. एक्सा ब्लेडचा तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली, आणि लहान स्टूल. निदान तीनेक मिलिमीटर तरी खोल जायला हवं, नुसतं वरवर घासून त्यावर नवीन माल चोपडला तर तो पापुद्र्यासारखा निघून येतो. ग्राइंडर ज्यांचा हात बसलाय त्यांनीच लावावा, टाईलच्या कडेचं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, एकदा उडालं की उडालं.

आता सिमेंटवालं. स्वस्त, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, नुसतं पाणी घालून (किंवा सोबतचं पांढरं लेटेक्स घालून) श्रीखंडाइतकं घट्ट कालवायचं, पाच-दहा मिनिटं ठेवून परत ढवळायचं आणि रबरी पट्टीने तिरकं ओढत भरायचं. सगळ्यात मोठं सुख म्हणजे घाई नाही. मध्ये चहा घेता येतो, दारावर कुरिअरवाला आला तर जाता येतं, टाईलवर सांडलं तर ओल्या स्पंजने निघतं, आणि फटीत थोडा ओलावा राहिला असला तरी चालतं. पाणी जास्त पडलं तर मात्र वाळल्यावर बोट फिरवलं की पीठ निघतं आणि रंगही फिका येतो, म्हणून दोन वेळा कालवलं तर दोन छटा दिसायची तयारी ठेवा. नंतर दोन-तीन दिवस अधूनमधून पाणी शिंपडलं की चांगलं पक्कं होतं. पहिल्यांदाच हातात पट्टी घेणाऱ्याला मी हेच देईन, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

इपॉक्सी म्हणजे घड्याळ लावून करायचं काम. डब्यात तीन गोष्टी येतात, रेझिन, हार्डनर आणि बारीक रेतीसारखी पावडर. आधी पहिल्या दोन नीट एकजीव करायच्या, मग पावडर. एकदा कालवलं की साधारण अर्धा-पाऊण तास हातात, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे असाल तर तेवढाही नाही. टबात ढीग करून ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने लवकर आवळतं, म्हणून कालवलं की लगेच एखाद्या जुन्या टाईलवर पसरून ठेवायचं. अर्धं किट वापरायचं असेल तर अंदाजपंचे नाही चालत, वजनकाटा लागतो, तिन्ही वस्तू प्रमाणातच हव्यात. हातमोजे घाला, हार्डनर कातडीला लागला तर काहींना पुरळ येतं. आणि फट पूर्ण कोरडी पाहिजे, म्हणजे बाथरूम आदल्या दिवसापासून बंद, पावसाळ्यात कोकणात तर विचारच करू नका.

शिवाय ती धुरकट साय. भरून झाल्यावर टाईलवर जो पातळ थर राहतो तो वेळेत, नायलॉनच्या घासणीने आणि कोमट पाण्याने, पाणी सारखं बदलत काढावा लागतो. दुसऱ्या दिवशी बघू म्हणालात तर मग तो बघतच बसायचा. गुळगुळीत टाईलवर निघतो तरी, पण पाय घसरू नये म्हणून हल्ली ज्या खरखरीत टाईल्स बसवतात त्यांच्या खाचांमध्ये तो जाऊन बसतो. तिथे सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून घ्या, वेळ जातो पण डोकं शांत राहतं. किंमतही सिमेंटवाल्याच्या कितीतरी पट, आमच्या दुकानदाराने भाव सांगितला तेव्हा मी किलोचा आहे का पोत्याचा असं विचारलं होतं.

इथपर्यंत वाचून सिमेंटकडेच कल जाईल, माझाही होता. तो फिरला ऍसिडमुळे.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतात, पाणी जड, बादलीखाली आणि नळाखालच्या फरशीवर पांढरा थर धरतो. साबणाने जात नाही. मग जे सगळ्या घरांत होतं तेच, एक दिवस ऍसिडची बाटली निघते. आमच्या मावशी कामाला पक्क्या आहेत, त्यांना फरशी पांढरीशुभ्रच लागते, आणि कितीही सांगितलं तरी ‘दादा, थोडंसंच टाकलं’. ते थोडंसं फरशीवर पडलं की फेस येतो. सगळ्यांना वाटतं मळ निघतोय. मळ निघतोच, पण खाली वाकून बघाल तर सांध्याच्या रेघेवरही बारीक बुडबुडे उठत असतात, म्हणजे थरासोबत तुमचं सिमेंटही चाललंय. एका वेळी कळत नाही. काही महिन्यांनी नळाखाली सांधा टाईलपेक्षा किंचित खाली गेलेला दिसतो, त्या खाचेत पाणी थांबतं, पाण्यात साबण, साबणावर काळं, काळं दिसलं की परत ऍसिड. माझ्या सिमेंटवाल्या बाथरूममध्ये बादलीच्या जागेभोवतीचे सांधे आता नख जाईल इतके खोल आहेत, आणि भिंतीवरचे, जिथे ऍसिड कधी पोचत नाही ते अगदी भरले तसे आहेत. माल तोच, हातही माझाच.

इपॉक्सीवाल्या बाथरूममध्ये तीच बाटली पडते, त्याच मावशी, सांध्याला अजून तरी काही झालेलं नाही. काळं धरतं पण वरच्यावर, ब्रश मारला की जातं, कारण आत शिरायला त्याला छिद्रंच नाहीत. (ऍसिड टाकणारच असाल तर ब्लीचिंग पावडरसोबत कधीही नको, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल.)

आता तुम्ही म्हणाल ऍसिड बंद करा की. करा, जमलं तर उत्तमच, लिंबूसत्व पाण्यात घालून घासलं तरी थर सुटतो, मात्र तेही आंबटच, सिमेंटला हळूहळू लागतंच. पण घरात फरशी धुणारी माणसं एकापेक्षा जास्त असतात आणि प्रत्येकावर पहारा ठेवणं मला तरी जमलं नाही.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. पालिकेचं गोडं पाणी चोवीस तास येतंय, घरात ऍसिड शिरत नाही, किंवा भाड्याचं घर आहे, तर सिमेंटवालं भरून मोकळे व्हा. जुन्या बिल्डिंगमध्ये टाईलला टाईल अगदी खेटून बसवलेली असते, फट जेमतेम मिलिमीटरभर, तिथेही सिमेंटच, कारण इतक्या अरुंद फटीत घट्ट इपॉक्सी नीट उतरवणं अवघड जातं. एरवी जमिनीला आणि भिंतीच्या खालच्या दोन ओळींना इपॉक्सी, वर भिंतीला सिमेंट, म्हणजे एका किलोच्या किटात भागायला हरकत नाही. एक दिवस कंबर दुखते, घासणीने जीव जातो, पण नंतर त्या जागेकडे बघावं लागत नाही, मला त्याचं मोल जास्त वाटतं. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मात्र दोन्हीपैकी काहीच नको, तिथे सिलिकॉन, म्हणजे वाळल्यावरही रबरासारखं लवचीक राहणारं सीलंट, कारण तो सांधा हलतो आणि कडक माल चिरतो.

आणि रंग पांढरा घेऊ नका, दोन्हीत. दुकानात छान दिसतो, वर्षभरात पिवळट होतो. फिकट करडा घ्या.