डावीकडे ओढणारी वॅगनार आणि जुन्या एमआयडीसीतलं चाचांचं गॅरेज

आधीच सांगते, या गॅरेजला धड बोर्ड नाही. पत्र्यावर कधीकाळी रंगवलेल्या नावातलं आता फक्त 'मोटर्स' उरलंय. साताऱ्यातून कोडोलीकडे जाताना जुन्या एमआयडीसीत शिरायचं आणि चहाच्या टपरीवर 'चाचांचं गॅरेज' विचारायचं. टपरीवाला हातातलं काम न सोडता हनुवटीनंच दाखवतो.

मी ग्रामसेविका. सरकारनं २०२४ मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गावात मी अजून ग्रामसेविका मॅडमच. रोज साताऱ्यातून बोगदा ओलांडून सज्जनगड फाटा आणि वर ठोसेघरच्या बाजूला. गाडी २०१६ ची वॅगनार, ७८,००० किलोमीटर झालेली. पावसाळ्यात त्या घाटात धुकं उतरलं की पुढची एसटीसुद्धा फक्त आवाजावरून कळते. अशा रस्त्यावर गाडी आपल्या मनानं डावीकडे जायला लागली तर काय होतं, ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. डावीकडे एक तर चर असते, नाहीतर दरी.

जुलैपासून हे सुरू झालं. हात जरा सैल केले की गाडी डावीकडे. पहिल्यांदा मी हवा तपासली. डाव्या पुढच्या चाकात २६ आणि उजव्यात ३३ निघाली. वाटलं, सापडला चोर. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे दोन्हीकडे सारखी भरली. फरक पडला, पण ओढ काही गेली नाही.

मग हायवेला एका ठिकाणी अलाइनमेंट केलं. नाव लिहीत नाही. मशीन चकाचक, स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. गाडी तशीच. दुसऱ्यांदा गेले, परत हिरवे. तिसऱ्यांदा तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, रस्त्याला उतार असतो डावीकडं, तुम्हाला तसं वाटतंय." उतार असतो हे खरं आहे, पाणी जावं म्हणून तो ठेवलेलाच असतो, आणि आपण डावीकडून चालवत असल्यानं गाडी जराशी तिकडे झुकते. पण रस्ता जूनमध्येही तोच होता की! या सगळ्यात १,५०० रुपये गेले. आणखी एका गॅरेजात दोन्ही लोअर आर्म आणि स्टेअरिंगचा रॅक बदला म्हणून १४,२०० चं एस्टिमेट हातात दिलं. गाडीखाली कुणी वाकूनही बघितलं नव्हतं.

आमच्या शिपायानं चाचांचं नाव काढलं. चाचा साठीच्या पुढचे. उमेदवारी साताऱ्यातच, महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' इथे बनायची त्या काळात केलेली. मी गेले तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं नाही की जॅक लावला नाही. दोन चहा सांगितले आणि विचारायला बसले. गाडी गार असताना ओढती का गरम झाल्यावर? नुसती चालताना का ब्रेक मारल्यावर? पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असताना का काढल्यावर? सरळ रस्त्याला स्टेअरिंग सरळ असतं का वाकडं? त्याआधी गाडीचं काय काम केलं होतं?

मी पर्समधून डायरी काढली. पंचनामे लिहून लिहून सवयच लागलीय. तारीख, किलोमीटर, हवा, कुठे ओढली, सगळं होतं. बोगद्यापर्यंत सरळ. सज्जनगड फाट्याच्या पुढे ओढ. घाट उतरून येताना जास्त. रविवारी गाडी उभी, सोमवारी सकाळी सरळ.

"सोमवारचं परत वाचा," चाचा म्हणाले.

वाचलं.

"लोखंड वाकडं असलं मॅडम, तर ते रविवारी सुट्टी घेत नाय. सोमवारी सकाळी पण ओढलं असतं."

अलाइनमेंटचं गूढही तिथेच सुटलं. आमच्या गाडीत त्या मशीनवर फिरवून बसवतात तो मुख्यतः पुढच्या चाकांचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर. तो चुकला की टायर खातो, स्टेअरिंग वाकडं बसतं, पण गाडी एका बाजूला ओढायचं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. म्हणजे आकडे खोटे नव्हते, मी चुकीच्या खिडकीवर रांग लावली होती.

मार्चमध्ये पुढचे दोन्ही टायर नवे टाकले होते, म्हणून चाचांना आधी टायरचा संशय फेडायचा होता. नवा टायर कसा काय ओढेल, असं मी विचारलं, तर त्यांनी चहाचा रिकामा कागदी कप बाकड्यावर आडवा ठेवून ढकलला. कप सरळ न जाता गोल फिरला. टायरच्या आतला पट्टा किंचित एका बाजूला बसला असला की टायर असाच चालतो, बाहेरून दिसत नाही. त्यांनी टायरवर बाण आहे का ते बघितलं (बाण असला तर टायर डावे-उजवे करायचे नसतात), नव्हता, मग पुढची दोन्ही चाकं एकमेकांच्या जागी लावली. दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडे गेली असती. एमआयडीसीतला एक मोकळा रस्ता त्यांचा ट्रायलचा. शिफ्ट आत गेली की तिथे चिटपाखरू नसतं. गाडी बरोबर मधोमध धरली, म्हणजे उताराचा प्रश्न नाही. थोड्या वेळानं ओढ आली, डावीकडेच. टायर निर्दोष सुटला.

मग त्यांनी ब्रेक जोरात मारायला लावला. आता गंमत बघा, नुसती चालताना डावीकडे जाणारी गाडी ब्रेक मारल्यावर उजवीकडे गेली! मी इतके दिवस घाटात तेवढ्यापुरतं स्टेअरिंग आवळायचे आणि सोडून द्यायचे, डायरीतही लिहिलं नव्हतं. चाचा एवढंच म्हणाले, "चला, खोला डावं."

त्याआधी माझाही एक प्रयोग झाला. ग्रामपंचायतीत कोविडमधली ताप मोजायची गन पडून आहे, ती मी मुद्दाम आणली होती. डाव्या चाकावर धरली, स्क्रीनवर 'हाय'. उजव्यावर धरली, 'हाय'. माणसाच्या तापापुढे तिला मोजता येत नाही हे लक्षात आलं तेव्हा गॅरेजमधला पोरगा तोंड फिरवून हसत होता. चाचांनी ब्रेक शक्यतो न लावता गाडी हायवेच्या सर्व्हिस रोडला फिरवून आणली आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्कवर बोटानं थेंबभर पाणी शिंपडलं. उजवीकडे काही नाही. डावीकडे चर्रर्र.

गाडी घोडीवर (चाकं अधांतरी राहतील अशा स्टँडवर) घेतल्यावर उजवं चाक हातानं भिरभिरलं, डावं अर्ध्या फेरीत अडलं. ब्रेकचं निपल सैल करून बघितलं. ब्रेकची रबरी नळी आतून चोंदून ऑइल अडकलं असतं तर तेवढ्यानं चाक मोकळं झालं असतं. झालं नाही. कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) उघडला तर ज्या दोन पिनांवर तो मागं-पुढं सरकतो त्यातली एक गंजून चिखलात बसलेली, फाटक्या रबरातून पाणी गेलेलं. आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजला होता आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. पॅड सुटत नाहीत म्हणून चालताना डावीकडे ओढ, आणि बाहेरचा पॅड नीट दाबत नाही म्हणून ब्रेक मारला की उजवं चाक जास्त धरतं. जुना पॅड मी मागून घेतला, ऑफिसच्या टेबलावर ठेवलाय.

खर्च: पॅड १,४५० (दोन्ही बाजूंचे बदलावेच लागतात), पिनांची रबरं आणि ग्रीस २२०, मजुरी ६००. एकूण २,२७०. लोअर आर्म पहारीनं हलवून दाखवले, घट्ट आहेत, "अजून वर्षभर हात लावू नका."

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीतच. शुक्रवारी दुपारी गेलात तर थांबावं लागेल. बसायला ते एक बाकडं, आणि बायकांसाठी कसलीच सोय नाही, त्यामुळे मी सकाळी काम सांगून निघून गेले आणि चारला आले. कार्ड चालत नाही. गाडी त्याच दिवशी मिळेल असंही धरू नका. माझ्यापुढे एक पिकअप चार दिवस घोडीवर होती आणि तिचा मालक रोज येऊन भांडून जायचा.

पाचशे किलोमीटरनंतर दाखवायला बोलावलं होतं, गेले. दोन्ही चाकं फिरवून बघितली, पैसे घेतले नाहीत. पावती वहीच्या कागदावर मिळते, तीही मागितली तर. माझ्या पावतीवर गाडीचा नंबर चुकला होता. तिथेच खोडायला लावून, दुरुस्तीवर सही घेऊनच निघाले.