विद्यापीठातली विद्यार्थ्याची खुर्ची: बसायला मिळते, पण कामाला येते का?

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. दोघांनाही कायदा एकच, २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. तो १ मार्च २०१७ पासून लागू आहे. विद्यार्थ्याच्या हाती दोन सोयी येतात, एक या कायद्यातून आणि दुसरी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांतून. त्या वापराच्या कसोटीवर कशा उतरतात ते पाहू.

पहिली सोय म्हणजे महाविद्यालय विकास समितीतली जागा. कलम ९७ प्रमाणे विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे दोघं या समितीचे सदस्य असतात. बैठका वर्षाला किमान ४. कॉलेजचं अंदाजपत्रक इथंच समोर येतं, त्यामुळे गॅदरिंगच्या स्टेजपेक्षा ही खुर्ची मोलाची. गोची अशी की ती भरायची निवडणुकीतून. २०१९ ला निवडणुका होणार म्हणता म्हणता विधानसभेमुळे लांबल्या, मागून कोरोना आला. निवडून न येता नुसता बोलावून बसवलेला पोरगा सही करतो, चहा पितो, निघतो. (विद्यापीठाच्या अधिसभेतले, म्हणजे सिनेटमधले, १० पदवीधर प्रतिनिधी म्हणजे विद्यार्थी नव्हेत. त्या प्रचारात पोरं पळतात, मत मात्र नोंदणी केलेल्या पदवीधरालाच असतं.)

खुर्ची मिळालीच तर विषय बैठकीत तोंडी काढू नका. विषयपत्रिका निघण्याआधी लेखी द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. ‘वसतिगृहात पाण्याची सोय करावी’ असं लिहिलं की उत्तर येतं, ‘करू’. त्याऐवजी लिहा: मार्च ते जून टँकरच्या रोज किती खेपा लागतात, गेल्या वर्षी बिल किती झालं, यंदाच्या अंदाजपत्रकात ते कोणत्या शीर्षाखाली धरलंय. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच आलं तर विषय मेला म्हणून समजा. ठराव, सूचक, अनुमोदक ही तिन्ही नोंदवून घ्या. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त कायम करताना अनुपालन, म्हणजे ठरावाचं पुढे काय केलं ते, विचारायचं, कारण पुढचे विषय सुरू झाले की मागचं कुणी काढू देत नाही. या सोयीला ५ पैकी २.

दुसरी सोय विद्यार्थी तक्रार निवारण समिती. २०२३ च्या यूजीसी नियमांनी सध्याच्या रूपात आलेली ही सोय जास्त चालते. मूळ कागदपत्रं अडकवणं, फी परत न देणं, शिष्यवृत्तीला किंवा निकालाला उशीर, हे सगळं तिच्या कक्षेत येतं. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेला, देशाचा लोकपाल नव्हे) अपील, आणि लोकपालाला मुदत ३० दिवसांची. एक मेख आहे: समितीतला विद्यार्थी फक्त विशेष निमंत्रित असतो. गणपूर्ती (कोरम) ३ जणांची, त्यात तो मोजलाच जात नाही.

अर्ज फसतात ते बहुतेक ‘निकाल राखीव’च्या प्रकरणात. अनेकदा कॉलेजकडून अंतर्गत गुण वेळेत गेलेले नसतात. मग परीक्षा विभाग कॉलेजकडे बोट दाखवतो, कॉलेज विद्यापीठाकडे, आणि पोरगं सेलू-नांदेड खेटे घालत बसतं. म्हणून आधी कॉलेजातून गुण पाठवल्याच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख मिळवा. अर्जात पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), आसन क्रमांक, सत्र, विषय कोड लिहा आणि त्या पत्राची प्रत जोडा. एका अर्जात एकच तक्रार. कुलगुरूंच्या नावाने चार पानी कैफियत लिहिली तर ती टेबलाटेबलावर फिरत राहते. पुनर्मूल्यांकनाचं गाऱ्हाणं लोकपाल सहसा घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला तरच घेतात. या सोयीला ५ पैकी साडेतीन. दीड गुण कापला तो पोच द्यायला होणाऱ्या टाळाटाळीसाठी.

अनुदानित कॉलेजात विकास समितीच्या बैठका खरंच होतात का, हे तपासायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. मागायचं एवढंच: ‘मागील २ वर्षांतील महाविद्यालय विकास समितीच्या इतिवृत्तांच्या साक्षांकित प्रती.’ ‘बैठक का घेतली नाही’ असं विचारू नका. या कायद्यात कागद मागता येतो, खुलासा नाही. बैठका झाल्याच नसतील तर उत्तर लेखी येईल, आणि तेच पुढच्या तक्रारीला जोडता येतं.