ग्वाल्हेर किल्ल्याची मोबाईलवरची ऑडिओ वॉक: चढताना मस्त, वर गेल्यावर ठीकठाक

आधीच सांगते, ही वॉक घ्यायची असेल तर हजिऱ्याच्या बाजूने, खालच्या दरवाजापासून पायी चढायची तयारी ठेवा, नाहीतर पैसे घालवू नका. आपल्याकडे पाहुणे आले की ऑटो करून उरवाई दरवाजाकडून थेट वर नेतात, मानमंदिर राजवाड्यासमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी बाड्यावर कचोरी खायला परत, झाला किल्ला! या वेळी पुण्याची आत्तेबहीण आणि भाऊजी आले होते, भाऊजींना गाईड नकोच होता, म्हणून हे डाउनलोड केलं. हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही (इथल्या लष्कर भागात इतकी मराठी घरं असून!). नकाशावर टप्पे दिलेत, टप्प्याजवळ पोचलात की आवाज आपोआप सुरू होतो, निदान व्हायला पाहिजे.

पायथ्याशी गुजरी महाल, मानसिंह तोमरने मृगनयनीसाठी बांधलेला, आता म्युझियम. ऑडिओ इथे दोन मिनिटांत उरकतो, पण तुम्ही उरकू नका. ग्यारसपूरची शालभंजिकेची दगडी मूर्ती इथेच आहे, कुलपात ठेवलेली असते, विचारल्याशिवाय कोणी आपणहून दाखवत नाही. सोमवारी बंद असतं हेही ऑडिओवाल्यांनी कुठेच लिहिलेलं नाही.

मग चढण. गाड्यांना बंदी, त्यामुळे हॉर्न नाही, आणि हा भाग खरंच छान रेकॉर्ड केलाय, कुठे दम खायला थांबायचं तेसुद्धा सांगतो. गणेश दरवाजाच्या वर चतुर्भुज मंदिर लागतं, एका खडकात कोरलेलं, इतकं छोटं की ऑडिओ नसता तर भाऊजी सरळ पुढे गेले असते. आत भिंतीवर 876 चा शिलालेख आहे. देवाला दिलेली बाग 270 हात लांब, 187 हात रुंद, आणि तिथून रोज 50 माळा यायच्या असा साधा हिशोब लिहिलाय, पण 270 आणि 50 मधलं शून्य बघा, आपण आज काढतो तसंच गोल, फक्त बाकीच्या अंकांपेक्षा बारीक आणि जरासं वर सरकलेलं. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर नीट दिसतं. ऑडिओवाला याला जगातलं पहिलं शून्य म्हणतो ते जरा जास्तच झालं, कंबोडियात 683 चा शिलालेख आहे ज्यात शून्य आहे. पण देवळाच्या माळांच्या हिशोबात शून्य इतकं सहज वापरलंय म्हणजे तेव्हा ते रोजच्या कामाचं झालेलं होतं, मला तरी हे पहिल्या नंबरापेक्षा भारी वाटतं. बहीण तिथून हलेचना.

त्याच चढणीवर वर मान केली की मानमंदिराची पूर्वेची भिंत येते, अंगावरच येते म्हणा ना, निळ्या फरशा आणि गोल बुरूज. शेवटी हत्ती पोल दरवाजा, आणि तिथे भिंतीवरची पिवळ्या बदकांची रांग. गाडीने वर येणारे हे सगळं उलट्या क्रमाने बघतात आणि अर्धं बघतच नाहीत.

वर पोचल्यावर मात्र गडबड. मानमंदिराचं तळघर ठीक सांगितलंय, औरंगजेबाने भाऊ मुराद याला याच किल्ल्यात कैदेत ठेवून 1661 मध्ये मारलं वगैरे, पण खाली गेलात की लोकेशन सुटतं आणि ऑडिओ मधेच गप्प, हाताने परत चालू करायचा. सास-बहू मंदिराजवळ उभे असताना याने तेली मंदिराची माहिती सुरू केली! सास-बहूला तीच सासू-सुनेची गोष्ट, कच्छपघात राजा महिपाल आणि 1093 चा शिलालेख एका वाक्यात गुंडाळला. तेली मंदिर मात्र नीट समजावलंय, शंभरेक फूट उंच आणि वरचं छत शिखरासारखं टोकदार न होता लांबट गोल का, ते ऐकताना वर बघत राहावं लागतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मराठ्यांना या ऑडिओत अख्खा दीड मिनिट! 1780 मध्ये इंग्रज अधिकारी पॉपहॅमच्या लोकांनी रात्री कडा चढून किल्ला घेतला, आवाज होऊ नये म्हणून पायात कापूस भरलेले जोडे, पुढे महादजींनी तो परत मिळवला, मग तो पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि 1886 मध्ये त्यांनी झाशी घेऊन शिंद्यांना किल्ला परत दिला, यात गोष्ट नाही का? त्याऐवजी जौहर कुंडावर भरपूर रडका म्युझिक.

उतरताना उरवाईने या, जैन मूर्ती तिकडे आहेत, आदिनाथांची सत्तावन्न फुटांची मूर्ती तिथलीच. बाबराने तोडफोड करवली, नंतर चेहरे दुरुस्त केलेले ओळखू येतात. रस्त्याला फूटपाथ नाही आणि गाड्या चालू असतात, म्हणून इथे एक कान मोकळा ठेवा, ऑडिओ मूर्तीपाशी थांबूनच ऐका.

घरीच वायफायवर डाउनलोड करून जा, पाणी घ्या, उन्हाळ्यात सकाळी सातलाच सुरू करा. दोघांत एकच घेतलं तरी चालतं, इयरफोनचा एकेक तुकडा वाटून आमचं भागलं. पाचातून साडेतीन, त्यातले तीन नुसते चढणीचे.